अक्षता आधी, ‘सावधान’ नंतर: कॅसेटींबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लग्नामुंजीच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला दुकानदाराला पैसे देऊ नका. पाचशे रुपयांची यूएसबी पिन (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरला देणारा छोटा अडॅप्टर) आणा, कुठलाही व्हीसीआर नाहीतर हँडीकॅम जोडा, फास्ट फॉरवर्डवर दहा मिनिटांत कॅसेट उतरवा. बुरशी असेल तर उन्हात ठेवून फडक्यानं पुसा. मग एआयनं फोर-के करा, डीव्हीडीवर टाका (शंभर वर्षं टिकते म्हणे) आणि कॅसेट भंगारात द्या.

हे काम घरी होतं, एवढं मला मान्य आहे. आमच्या आणि मावशीकडच्या मिळून तीसेक कॅसेटी मी घरीच उतरवल्या. पण मेसेजमध्ये सांगितलंय तसं करून नाही. पहिल्या दोन-तीन तशाच केल्या आणि त्या पुन्हा कराव्या लागल्या.

दहा मिनिटांचा दावा आधी निकालात काढू. व्हिडिओ कॅसेटवर चित्र तिरप्या रेघांत लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा, ड्रम सेकंदाला 25 वेळा फिरतो आणि एकेक रेघ वाचतो. फीत पळवली की हेड एका फेरीत अनेक रेघा ओलांडतं आणि प्रत्येकीचा तुकडाच वाचतं. फास्ट फॉरवर्डला पडद्यावर जे आडवे पट्टे दिसायचे ते हेच. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात.

आता पिन. खरी फसगत इथे आहे, आणि मीही फसलो. मामाच्या लग्नाची कॅसेट 1993 सालची. पिन लावली, चित्र आलं, आवाज आला, मी खूश. सीमांतपूजन अगदी छान. पण पुढे सरकत गेलो तसं काहीतरी खटकायला लागलं आणि मंगलाष्टकांपर्यंत गोष्ट हाताबाहेर गेली होती: अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, मामीनं हार घातला, आणि मग भटजींचा ‘सावधान’ ऐकू आला. चांगला दोन सेकंद उशिरा. दोन सेकंद म्हणजे वाटेत कुठेतरी 50 फ्रेम गळल्या.

त्या का गळतात? फीत ताणलेली असते, यंत्र थरथरतं, त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ किंचित लवकर किंवा किंचित उशिरा येते. जुना ट्यूबवाला टीव्ही हे चालवून घ्यायचा. कॉम्प्युटरची पिन घड्याळ लावून बसलेली असते. ओळी वेळेवर आल्या नाहीत की ती अख्खी फ्रेम सोडून देते. आवाज मात्र अखंड येत राहतो, म्हणून चित्र पुढे आणि आवाज मागे. यावरचा उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, म्हणजे ओळी पुन्हा रांगेत उभ्या करणारं सर्किट. काही चांगल्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा सुधारित प्रकार) व्हीसीआरमध्ये आणि छोट्या कॅसेटींच्या काही हाय-एट हँडीकॅममध्ये ते आतच असतं. ते नसेल तर घरात पडलेला जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि पिनच्या मधे जोडून बघा. डिस्क न घालता, सिग्नल नुसता त्यातून जाऊ द्यायचा. काही मॉडेल्स तेवढ्यानंही सिग्नल सरळ करतात. मामाचं लग्न असंच सरळ झालं.

आठ मिलिमीटरच्या छोट्या कॅसेटी असतील तर आणखी चांगली वाट आहे. सोनीनं 1999 मध्ये डिजिटल-एट आणलं. त्यातले बरेच (सगळे नाही) हँडीकॅम जुन्या व्हिडिओ-एट आणि हाय-एट कॅसेटीही वाजवतात आणि त्यांचं डिजिटल रूपांतर आतल्या आत करून फायरवायर नावाच्या डिजिटल वायरीतून बाहेर देतात. ताशी साधारण 13 जीबी जागा लागते. कॉम्प्युटरला फायरवायरचं पोर्ट मात्र शोधावं लागतं, तो वेगळा ताप.

पिन निवडताना किंमत हा निकष नाहीच. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पिनांत आत वेगवेगळी चिप निघते. तपासायचं असेल तर कॅसेटचा शेवटचा भाग बघा. वरातीतली ताशावर पडणारी काडी आणि तिचा आवाज जुळला तर पिन ठीक. शक्य असेल तिथे व्हीसीआरच्या पिवळ्या वायरीऐवजी एस-व्हिडिओची वायर लावा. तिच्यात रंग आणि उजेड वेगळे येतात. आणि पिनेबरोबरचं सॉफ्टवेअर 640 बाय 480 सुचवत असेल तर ऐकू नका. आपल्या कॅसेटींना 720 बाय 576 हवं, तेही इंटरलेस्ड ठेवूनच. म्हणजे सेकंदाला 50 अर्धी चित्रं असतात. घाईनं त्यांची 25 केलीत तर फुगडीतली अर्धी गिरकी गेली म्हणून समजा.

‘कुठलाही व्हीसीआर’ हेही खोटं. छोटी व्हीएचएस-सी कॅसेट अडॅप्टरमध्ये घालून मोठ्या व्हीसीआरला चालते, कारण फीत तीच, अर्ध्या इंचाची. आठ मिलिमीटरच्या कॅसेटला असा अडॅप्टर कधी निघालाच नाही, निघूही शकत नव्हता. तरी लोक बाजारात विचारत फिरतात. आणि अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली बारशाची कॅसेट एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीची, असते, 525 ओळींची. ती काही व्हीसीआर वाजवतात, पण बाहेर असा मिश्र सिग्नल देतात की टीव्हीवर रंगीत दिसणारं बारसं कॉम्प्युटरवर काळंपांढरं होतं. तिच्यासाठी खरा एनटीएससी देणारा व्हीसीआरच हवा.

बुरशीबद्दलचा सल्ला तर सरळ घातक आहे. मुंबई-कोकणातल्या कपाटांत चार पावसाळे काढलेली कॅसेट घ्या आणि खिडकीतून आत बघा. काळ्या गुंडाळीच्या कडेवर पांढुरकी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती कॅसेट यंत्रात घालायचीच नाही. हेडच्या बारीक फटीत ती घाण बसते, पडद्यावर मुंग्या येतात, आणि पुढच्या धडधाकट कॅसेटलाही तीच लागण होते. उन्हानं बुरशी मरत असेल-नसेल, प्लॅस्टिकचं कवच मात्र वाकतं. आणि फडकं? तीन तासांच्या कॅसेटमध्ये जवळजवळ 250 मीटर फीत असते. ती हातानं ओढून पुसताना एक जरी चुणी पडली तरी ती कायमची. अशा कॅसेटी वेगळ्या काढा, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही आठवडे सुकू द्या आणि फीत साफ करायचं यंत्र असलेल्या माणसाकडे न्या. दुकानदाराला पैसे द्यायचेच तर इथे द्या.

ओलाव्यावरून आठवलं. जुलैत एकदा एसीच्या खोलीतला हँडीकॅम दिवाणखान्यात आणला, तर तो कॅसेट घ्यायलाच तयार होईना, नुसतं थेंबाचं चिन्ह लुकलुकत होतं. मला वाटलं बिघडला. त्याच्या ड्रमवर दव धरलं होतं. तासाभरानं मुकाट चालू झाला.

फोर-केचा हिशोब गमतीचा आहे. 720 गुणिले 576 म्हणजे 4,14,720 ठिपके. फोर-केमध्ये 82,94,400. बरोबर वीसपट. म्हणजे वीसातले एकोणीस ठिपके एआयनं मनानं भरायचे, आणि साध्या व्हीएचएसमध्ये तर मुळातला तपशील त्याहूनही कमी. मी आजीच्या एका दृश्यावर करून पाहिलं. सुरकुत्या गेल्या, चेहरा गुळगुळीत झाला, आणि कपाळावरचं गोंदण गेलं. हौस म्हणून वेगळी प्रत करा, पण मूळ फाइलला हात लावू नका.

डीव्हीडीचं काय सांगायचं! घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि तो विटतो. शिवाय 4.7 जीबीत दोन तास बसवायला चित्र दाबावंच लागतं. त्यापेक्षा दोन हार्ड डिस्क घ्या, एक आपल्याकडे, एक बहिणीकडे.

राहिली भंगाराची गोष्ट. युनेस्को आणि ध्वनिचित्र-संग्रहांच्या ‘आयासा’ या संघटनेनं 2019 मध्ये बजावलं होतं की चुंबकीय फिती साधारण 2025 पर्यंत डिजिटल झाल्या नाहीत तर हातच्या जातील.  पण त्या इशाऱ्यामागे फितीच्या आयुष्याइतकीच यंत्रांचीही चिंता होती. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, 2016 मध्ये थांबली. तेव्हा घाई करा, पण कॅसेट ठेवा. आता व्हीएचएस-डिकोडसारख्या सॉफ्टवेअर प्रकल्पांतली मंडळी हेडवरचा कच्चा सिग्नलच थेट नोंदवून पुढचं सगळं सॉफ्टवेअरनं करतात. त्याच फितीतून उद्या आजच्यापेक्षा चांगलं चित्र निघू शकतं.

मामाची कॅसेट मी शेवटपर्यंत गुंडाळून, डब्यात घालून, पुस्तकासारखी उभी ठेवली आहे. मागची रेकॉर्डिंगची टिकली मामानं कधीच तोडलेली नव्हती. ती मी यंत्रात घालण्याआधीच तोडली, म्हणजे चुकूनही लग्नावर दुसरं काही रेकॉर्ड व्हायला नको.