चौकोनी कापलेला लाडू

महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपांवर आला. माहेरच्या, सोसायटीच्या, भिशीच्या आणि मुलाच्या वर्गाच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘ओव्हन नको, साखर नको! घरच्या घरी पीनट बटर बार. पीनट बटर, ओट्स, गूळ किंवा मध एकत्र करा, थापा, कापा. शुगरवाल्यांनाही चालतो. एका बारमध्ये दोन अंड्यांचं प्रोटीन. बाहेर महिनाभर टिकतो. घरातले जुने दाणे वापरून टाका, भाजले की सगळं निघून जातं. सहा महिन्यांच्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांसाठी. उपवासालाही चालतो. बाजारच्या बाटलीत शेंगदाणे नावालाच असतात.’ खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त पाठवा’.

पाठवणाऱ्यांत आमच्या आत्याही आहेत, त्यामुळे जरा बेतानेच लिहिते. कृती वाईट नाही. जळगावात राहून दोन वर्षं मी या वड्या करतेय आणि मुलाच्या डब्यात त्या ठरलेल्या आहेत. कृतीला जी बिरुदं चिकटवली आहेत, माझं भांडण त्यांच्याशी आहे. पहिल्यांदा केल्या तेव्हा सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि निकाल दिला, “काय वं, हाऊ तं लाडूच शे ना, चौकोनी कापेल!” दाणे, गूळ, वर थोडे ओट्स. बाईंचं चुकलं कुठे?

आधी साखरेचं बघू. ‘साखर नको’ म्हणायचं आणि दीडशे ग्रॅम गूळ घालायचा. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. शंभर ग्रॅममधून ३८० च्या आसपास कॅलरी मिळतात, पांढऱ्या साखरेतून ४०० च्या जवळपास. फरक एवढाच. मधात पाणी असल्याने आकडा तीनशेच्या घरात येतो, पण त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आयतंच मोकळं असतं. खजूर घातला तरी वाळलेल्या खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. गुळात लोह असतं, मान्य. पण एका वडीत गूळ येतो नऊ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चमचे साखर. तेवढ्यातल्या लोहाने काय होणार? ‘शुगर नाही’ हे वाचून शुगर असलेल्या माणसाने हात सैल सोडला तर काय होतं ते मी घरात पाहिलंय. सासऱ्यांनी एका बैठकीत तीन वड्या उचलल्या आणि वर मलाच विचारलं, “साखर कुठे आहे यात?” आता त्यांना अर्धी वडी मिळते, तीही जेवणाच्या हिशेबात धरून. एक गोष्ट मेसेजच्या बाजूने सांगायला हवी. दाण्यातल्या तेलामुळे आणि प्रथिनांमुळे ही साखर रक्तात नुसत्या गुळाच्या खड्यापेक्षा सावकाश चढते. पण चढते.

दोन अंड्यांच्या प्रोटीनचा हिशेब वजनकाटा घेऊन करू, वाट्यांनी नको. माझं प्रमाण आहे पीनट बटर २५० ग्रॅम, ओट्स १५० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम. त्याच्या सोळा वड्या पडतात, एकेक साधारण ३४ ग्रॅमची. दाण्यात शेकडा पंचवीसच्या आसपास प्रथिनं असतात, ओट्समध्ये तेरा. सगळी बेरीज ऐंशीच्या थोडी वर जाते. सोळाने भागलं की वडीला पाच ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे दोन अंडी सोडाच, एक अंडंही भरत नाही. कॅलरी मात्र १६० च्या पुढे. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी केली तर साधारण तेवढ्याच होतात. ‘वजन कमी करणारा बार’ म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन खाणारीने आपण चार भाकरी वरून खातोय, हे ध्यानात ठेवावं.

प्रोटीनचाच प्रश्न असेल तर उपाय आपल्या दाणाबाजारातच आहे. दाण्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, ओट्समध्येही कमीच. दोन उणी एकत्र आणून भरपाई होत नाही. हरभऱ्यात तो भरपूर असतो. म्हणून मी निम्मे ओट्स काढून त्या जागी भाजक्या डाळ्याचं पीठ घालते. आकडा पाचावरून साडेपाचावर जातो, फार नाही, पण प्रथिनांचा दर्जा सुधारतो. आणि वडीला बेसनलाडवाचा जो वास येतो, तो ओट्सच्या बापाला यायचा नाही. दाणे-फुटाणे-गूळ खिशात घालून शेतावर जाणारी माणसं काही अडाणी नव्हती.

‘महिनाभर बाहेर टिकतो’ या दाव्याने मला तोंडघशी पाडलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी, अमळनेरला निघाले होते. म्हटलं या वेळी भाचरांसाठी काही नवं न्यावं. रात्री वड्या थापल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या, सकाळी कापल्या तेव्हा कडा अशा धारदार की सुरीने आखल्यासारख्या. स्टीलच्या डब्यात मधे बटर पेपर घालून दोन थर रचले आणि एसटीत बसले. एप्रिलचे शेवटचे दिवस, खिडकीतून येणारा वारा म्हणजे भट्टीचा झोत. धरणगाव यायच्या आत डब्याच्या झाकणाखालून तेलाचा ओघळ माझ्या साडीवर. घरी डबा उघडला तर आत एकच गोळा, बटर पेपर त्यात मुरलेला. आई म्हणाली, “चमच्याने खाऊ.” खाल्लाही. झोक्यावरून उतरून पोरं बोटं चाटून गेली. पण त्याला बार कुणी म्हणणार नाही.

हे का झालं ते समजायला वेळ लागला. भट्टीतली नानकटाई उष्णतेने घट्ट होते, ही वडी थंडीने. शेंगदाण्याचं तेल घरातल्या तापमानाला पातळच असतं, त्यामुळे वडी धरून ठेवण्याचं काम एकटा गूळ आणि फ्रिज करतात. थंड मुलखातल्या कृतींमध्ये घट्टपणासाठी खोबरेल तेल घालतात. ते २४-२५ अंशांना वितळतं. आमच्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा तिथे टेकत नाही, दुपारी तर ४४-४५. चॉकलेटचा थर दिला तरी तो ३४ च्या आसपास मऊ पडतो. शिवाय मेसेजमध्ये ‘गूळ किसून मिसळा’ म्हटलंय. किसलेला गूळ हवेतलं पाणी ओढतो. श्रावणात केलेल्या वड्यांना दुसऱ्याच दिवशी घाम फुटलेला मी पाहिलाय.

म्हणून गूळ वितळवायचा. जाड बुडाच्या पातेल्यात एक चमचा पाणी, मंद आच. फेस येऊन गूळ फुगायला लागला की एक थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडायचा. बोटांनी त्याची मऊ गोळी वळली तर लगेच गॅस बंद. गोळी काडकन तुटली तर तुमची चिक्की झाली, बार विसरा. पातळच पसरला तर वडी कधीच उभी राहणार नाही. हा सगळा खेळ मिनिटभराचा आहे, तेवढ्यात फोन आला तर घेऊ नका.

तरीही खान्देशातल्या उन्हाळ्यात महिनाभर बाहेर नाहीच. वडी मोडली नाही तरी तेल खवट होतं. दाणा कुटला की त्यातलं तेल उघडं पडतं, हवा आणि उष्णता त्याला आठ-दहा दिवसांत वास आणतात. फ्रिजमध्ये घट्ट झाकणात दोन आठवडे, हा माझा अनुभव. थंडीत, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे, बाहेर आठवडा निघतो.

आता सगळ्यात वाईट ओळीकडे येते. ‘घरातले जुने दाणे वापरून टाका, भाजले की सगळं निघून जातं.’ बाकीचं हसण्यावारी नेता येईल, हे नाही. ओलीत राहिलेल्या दाण्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी धरते आणि ती अफलाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता घेता लोक ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचले आणि या विषाचा छडा लागला. ते यकृतावर घाव घालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. कढईत भाजल्याने बुरशी मरते, विष मात्र थोडं कमी होतं, संपत नाही. आणि वाटल्यावर, गूळ घातल्यावर कुबट चव झाकली जाते, ही तर आणखीच पंचाईत.

आमच्या सासूबाई दाणे सुपात घेऊन उजेडाला बसतात. सुरकुतलेला, काळपट, आतून पिवळा-हिरवा पडलेला, हलका, साल सुटून डाग दिसणारा, असा प्रत्येक दाणा बाजूला. शंका आली तर दोन पाकळ्या वेगळ्या करून बघतात, कारण कधी कधी बुरशी त्या फटीत असते. किलोमागे मूठभर निघतात. हे दाणे त्या टाकून देतात, गुरांनाही घालत नाहीत. बरोबरच आहे. कुबट पेंड खाल्लेल्या म्हशीच्या दुधात हे विष रूप बदलून उतरतं. ‘वापरून टाका’ म्हणणाऱ्याने कधी दाणे निवडले नसावेत.

बाळाचंही असंच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, चाटवायचाही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निमूट निघून जातात, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. मूल लुळं पडतं. मग गुळाची वडी चालेल का? तीही नको. चिकट तुकडा आणि त्यातला दाण्याचा कण, दोन्ही घशात अडकणारे. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे नकोतच. दाणे बाळाला अजिबात देऊ नयेत, असं मात्र नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर पाहिलं गेलं, तेव्हा लवकर आणि नियमित शेंगदाणा खाल्लेल्यांत पुढे त्याची ॲलर्जी खूप कमी आढळली. पण ते देणं म्हणजे गुळगुळीत, पातळ केलेलं, डॉक्टरांना विचारून. चौकोनी बार नव्हे.

बाजारच्या बाटलीत शेंगदाणे नावालाच? बाटली उलटी करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे, त्यामुळे पहिला शब्द शेंगदाणा असेल तर तोच सर्वात जास्त. अमेरिकेत तर ९० टक्क्यांहून कमी दाणे असतील तर त्याला पीनट बटर म्हणताच येत नाही. काही बाटल्यांत साखर असते, शिवाय दाण्याचं तेल वर तरंगू नये म्हणून घातलेलं घट्ट केलेलं तेल असतं, त्या टाळाव्यात. ज्या बाटलीत तेल वर आलंय ती खराब समजून परत करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. उलट आहे, तीच साधी, चमच्याने ढवळा आणि घ्या.

घरी वाटणं स्वस्त पडतं म्हणून मी वाटते, बाटली विषारी म्हणून नाही. अडीचशे ग्रॅम दाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, कोमट असतानाच मिक्सरला. मिनिटभरात कूट होतो. मग तो भांड्याच्या कडांना चिकटून बसतो आणि वाटतं, बिघडलं. पाणी घालायचा मोह होतो, घालू नका. एक थेंब गेला तरी सगळं घट्ट होऊन बसतं, आणि पुढे बुरशीला निमंत्रण. कडा खरवडून, मिक्सरला दोन मिनिटं विश्रांती देत पुन्हा फिरवा. गोळा होतो, मग अचानक तेल सुटून लोणी वाहायला लागतं. घाई केली तर मिक्सर बंद पडतो. दुरुस्तीला नेण्याआधी बुडाखालचं लाल बटण दाबून बघा. माझे दोनशे रुपये या बटणाच्या अज्ञानात गेलेत.

‘न शिजवल्याने सगळी सत्त्वं टिकतात’ असाही एक उपदावा काही ग्रुपांवर होता. दाणे भाजलेले, ओट्स कारखान्यात वाफवून चपटे केलेले, गूळ तर रस तासन्‌तास उकळूनच होतो. यात कच्चं आहे काय?

राहिला उपवास. आत्या, ओट्स कधीपासून चालायला लागले? ते धान्य आहे, गव्हाच्या नात्यातलं. एकादशीला करायच्या असतील तर ओट्स आणि डाळ्याचं पीठ दोन्ही काढून राजगिऱ्याच्या लाह्या घाला. लाह्या फुललेल्या असतात, दीडशेच्या जागी साठ-सत्तर ग्रॅम पुरतात. वड्या जरा भुसभुशीत होतात, म्हणून ताटात थापल्यावर तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने चांगल्या दाबा आणि पूर्ण गार व्हायच्या आधीच कापून घ्या.