‘95 टक्के सुरक्षित’ हा आकडा बेळगावात मिळणाऱ्या व्हेपचा नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गावचा व्हॉट्सअ‍ॅप गट उघडा, व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, हा मेसेज कधी ना कधी येऊन गेलेला असतो. मजकूर थोडक्यात असा: “सिगारेट सुटत नाही? व्हेप घ्या. ती नुसती पाण्याची वाफ. इंग्लंडच्या सरकारनं ती 95 टक्के सुरक्षित ठरवलीय, तिथले डॉक्टर स्वतः देतात. दोन आठवड्यांत सिगारेट सुटते. बंदी फक्त कर्नाटकात आहे, तीही सिगारेट कंपन्यांच्या दबावामुळं. कोल्हापूर नाहीतर गोव्यातून आणता येते.”

शहापुरात माझं औषधाचं दुकान आहे, त्यामुळं हा मेसेज वाचलेली माणसं थेट काउंटरवर येतात. “तुमच्याकडं ठेवत नाही काय ओ ते?” असं विचारतात. ठेवत नाही म्हटलं की मेसेज काढून दाखवतात. सगळाच खोटा असता तर एका वाक्यात निकाल लागला असता. पण यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून एकेक मुद्दा धरून उत्तर देतो.

“नुसती पाण्याची वाफ.” पाण्याचा इथं फारसा संबंधच नाही. आतल्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. तारेचं वेटोळं तापतं आणि त्या द्रवाचे बारीक थेंब हवेत उडतात. त्यांच्याबरोबर फॉर्माल्डिहाइडसारखी रसायनं आणि वेटोळ्यातून सुटणारे निकेल, क्रोमियमसारखे धातूही थोड्या प्रमाणात छातीत जातात. मात्र तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नसतं, आणि सिगारेटनं माणसं मरतात ती मुख्यतः या जळण्यामुळं. हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही.

“इंग्लंडच्या सरकारनं 95 टक्के सुरक्षित ठरवलं.” सगळा मेसेज या आकड्यावर उभा आहे, म्हणून इथं जरा थांबू. 2014 मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं निकोटीनच्या वेगवेगळ्या उत्पादनांना हानीनुसार गुण दिले. ते त्यांचे अंदाज होते, वर्षानुवर्षं माणसं तपासून काढलेला निष्कर्ष नव्हता. 2015 मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेनं आपल्या अहवालात हा आकडा उचलला. त्यावर ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं संपादकीय लिहून पुराव्याचा पाया कच्चा असल्याची टीका केली. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनंही साधारण तसाच अंदाज मांडला. म्हणजे आकडा हवेतून आलेला नाही. पण त्याचा अर्थ ‘सिगारेटच्या मानानं 95 टक्के कमी हानी’ एवढाच. दीर्घकाळ ओढणाऱ्यांपैकी निम्म्यांपर्यंत माणसं जिच्यामुळं जातात, तिच्याशी केलेली ही तुलना. मेसेजमध्ये ‘सिगारेटच्या मानानं’ एवढंच गळालं आणि ‘सुरक्षित’ तेवढं उरलं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो आकडा ज्या मालाबद्दल बोलतो तो आपल्याकडं येतच नाही. ब्रिटनमध्ये द्रवातल्या निकोटीनला दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. टाकी 2 मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. माल विकण्याआधी सरकारी यंत्रणेकडं त्यातल्या घटकांची नोंद करावी लागते. एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री तर तिथं 1 जून 2025 पासून बंदच झाली.

आता आपल्याकडचा माल. कॉलेजात जाणाऱ्या एका पोरानं दुकानात खिशातून काढून दाखवली तेव्हा नीट बघितली. हायलायटर पेनाएवढी, आंबा आणि बर्फाचं चित्र, वर मोठ्या अक्षरात 5%. कुणी बनवली, कुणी आयात केली, काही नाही. किमतीच्या जागीही काही नाही, बॅच नंबर खरवडलेला. पोरगं म्हणालं, “फक्त पाच टक्केच हाय की काका, पंच्याण्णव टक्के सेफ.” त्या पाच टक्क्यांचा अर्थ दर मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम निकोटीन, म्हणजे ब्रिटनच्या मर्यादेच्या अडीचपट. तेही क्षाराच्या रूपातलं, जे घशाला टोचत नाही, त्यामुळं किती ओढलं याचा अंदाज राहत नाही. सिगारेट विझते तेव्हा निदान थांबायला कारण मिळतं. ही दिवसभर खिशात असते, बाथरूममध्ये, बसमध्ये, पांघरुणातसुद्धा. आणि छापलेलं 5 तरी खरं आहे हे कोण सांगणार? मी विकतो त्या साध्या खोकल्याच्या औषधावरसुद्धा परवाना क्रमांक आणि मुदत असते.

तो पोरगा आधी सिगारेट ओढत नव्हता, हेही जाता जाता सांगतो. त्याला कशातून ‘सोडवायचं’ होतं, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

“तिथले डॉक्टर देतात, दोन आठवड्यांत सुटते.” पहिला अर्धा भाग बराचसा खरा. 2023 मध्ये इंग्लंडनं दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांपर्यंत व्हेपचे संच फुकट पोहोचवायची योजना जाहीर केली, सोबत समुपदेशन. व्हेपनं सिगारेट सुटायला मदत होते याला पुरावाही चांगला आहे. 2019 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत 886 माणसं होती. वर्षभरानं व्हेपच्या गटात 18 टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, आणि निकोटीनचा गम, कातडीला लावायचा पॅच वगैरे घेणाऱ्यांत 9.9 टक्के. जवळजवळ दुप्पट. व्हेपच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हा आकडा जरूर सांगावा.

पण पुढचंही वाचावं. समुपदेशन, चांगलं यंत्र, सगळं मिळूनही शंभरातल्या 82 जणांची सिगारेट वर्षानं सुटलेली नव्हती. ज्यांची सुटली त्यांच्यातले 80 टक्के अजून व्हेप ओढत होते. गम-पॅचवाल्यांत ज्यांची सुटली, त्यांच्यातले 9 टक्केच ती उत्पादनं वापरत होते. दोन आठवडे हा आकडा कुठून आला ते मला सापडलेलं नाही.

आणि माझ्या काउंटरवर दिसतं ते वेगळंच. उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला असलेली माणसं ऑफिसात व्हेप ओढतात आणि चहाच्या गाड्यावर सिगारेट. “दहाच्या जागी तीनवर आलो की!” असं मोठ्या आनंदानं सांगतात. फुप्फुसाला त्याचा थोडा फायदा असेल, पण हृदयाचा हिशेब असा सरळ चालत नाही. 2018 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका, 20 ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा निघाला. विसावा भाग नव्हे, निम्मा. दोन्ही चालू ठेवणाऱ्याच्या पदरात इंग्लंडचा तो 95 टक्क्यांचा फायदा पडत नाही.

“बंदी फक्त कर्नाटकात.” ही चूक आपल्या भागात सहज खपते, कारण सीमा ओलांडली की नियम बदलतो हे आपण जन्मापासून बघतोय. गोव्यातल्या दारूचंच बघा. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 मध्ये बंदी आली, कर्नाटकात 2013 मध्ये, आणि मधल्या काळात इकडून तिकडं काय काय गेलं ते निपाणीकरांना मी सांगायला नको. व्हेपवर कर्नाटकानं 2016 मध्येच बंदी घातली होती, हे खरं. पण 18 सप्टेंबर 2019 ला केंद्र सरकारनं वटहुकूम काढला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. तो कोल्हापूर, पणजी, बेळगाव सगळीकडं सारखाच. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात, ऑनलाइन व्यवहार, सगळं त्यात आलं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्याला वेगळी शिक्षा आहे. ओढणाऱ्यासाठी वेगळं शिक्षेचं कलम नाही, पण मित्रांसाठी चार जास्त आणून पैसे घेतले की तुम्ही विक्रेते झालात. गोव्याहून चोर्ला घाटातून येताना हे लक्षात असू द्या.

“सिगारेट कंपन्यांच्या दबावामुळं.” यातली चीड मला समजते. सिगारेट कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते आणि तिच्याहून कमी घातक वस्तू बंद, हा विरोधाभास आहेच. देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत आयुर्विमा महामंडळाचा मोठा हिस्सा आहे, हेही उघड आहे. पण कंपन्या व्हेपला घाबरतात म्हणावं तर अमेरिकेत मार्लबोरो विकणाऱ्या अल्ट्रियानं 2018 मध्ये जूल या व्हेप कंपनीचा 35 टक्के हिस्सा 12.8 अब्ज डॉलरला घेतला होता. ब्रिटिश अमेरिकन टोबॅको तर स्वतःच व्हेप बनवते. गिऱ्हाईक दोन्हीकडून त्यांचंच. आणि सरकारचा हेतू काहीही असो, खरवडलेल्या बॅच नंबरच्या नळीत काय भरलंय ते त्यानं बदलत नाही.

विरुद्ध बाजूचाही एक मेसेज फिरतो, त्यालाही माझा पाठिंबा नाही. “व्हेपनं पॉपकॉर्न लंग होतो” हा तो मेसेज. फुप्फुसाचा तो आजार पॉपकॉर्नच्या कारखान्यात डायअसिटिल या स्वादाच्या रसायनामुळं कामगारांना झाला होता. सिगारेटच्या धुरात ते रसायन जास्त असतं. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेपमुळं फुप्फुसं निकामी होऊन फेब्रुवारी 2020 पर्यंत 68 माणसं गेली. ती मुख्यतः गांजाच्या अर्काच्या व्हेपमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटमुळं, आणि तो माल बहुतेक अनधिकृत होता. निकोटीनच्या प्रत्येक व्हेपनं असं होतं, असा त्याचा अर्थ नाही. मात्र कुणी भरली ते ठाऊक नसलेली वस्तू छातीत ओढली की काय होऊ शकतं, ते त्यातून दिसतं.

मेसेजमध्ये बिडीचं नावही नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. निपाणीचा तंबाखू बिडीचा. 1981 मध्ये त्याच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींबरोबर महामार्ग अडवला होता. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणारे प्रौढ 4 टक्के होते, बिडी ओढणारे 7.7 टक्के, आणि तंबाखू खाणारे किंवा लावणारे 21.4 टक्के. मिश्री लावणाऱ्या आजीला किंवा बिडी ओढणाऱ्या हमालाला हजार-दीड हजाराची आंब्याच्या वासाची नळी कोण देणार?

सोडायचंच असेल तर जे कायद्यानं मिळतं ते नीट वापरून बघा. निकोटीनचा गम माझ्याकडं दहातले आठजण चुकीचा खातात. च्युइंगमसारखा सपासप चघळतात, सगळं निकोटीन लाळेबरोबर पोटात, मग उचक्या, जळजळ, आणि पाकीट परत. गम हळू चावायचा. तिखट चव आली, मुंग्या आल्यासारखं वाटलं की चावणं थांबवून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा. चव गेली की पुन्हा चावायचा. साधारण अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटीन तोंडात शोषलंच जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागणाऱ्याला 2 मिलिग्रॅम पुरत नाही, 4 लागतो. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी घ्यावा लागतो; दिवसाला दोन खाऊन “काही उपयोग नाही ओ” म्हणणारे फार. पॅच आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन आहे. 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्विटलाइनचा फुकट नंबर आहे, तिथं समुपदेशक बोलतात.

ज्यांनी सिगारेट पूर्ण सोडून व्हेप धरलीय, त्यांनी हे वाचून घाबरून परत सिगारेटवर जाऊ नये. तो उलटा सौदा होईल. व्हेप कमी करत गमवर या. आणि डॉक्टरांनी विचारलं, धूम्रपान करता का, तर ‘नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. व्हेप ओढतो, दिवसभर ओढतो, असं सांगा. पुढचा सल्ला त्यावर ठरतो.