जेन ऑस्टिनच्या वह्या: अक्षर तिचं, चाली इतरांच्या

जेन ऑस्टिनच्या हस्ताक्षरातल्या स्वरलिपीची पानं ‘कादंबरीकर्तीच्या स्वतःच्या रचना’ म्हणून फिरतात. अक्षर तिचं खरंच आहे. रचना तिच्या नाहीत. छापील संगीत तेव्हा महाग, म्हणून प्रत उसनी आणायची आणि पाच रेघांवर एकेक स्वर उतरवून घ्यायचा, हा घरोघरचा रिवाज. उतरवताना रचनाकाराचं नाव पुष्कळदा गळायचं, घोळ होतो तो तिथेच. तीच चाल जुन्या छापील प्रतीत सापडली की वाद मिटतो. ऑस्टिन कुटुंबाच्या अशा 18 वह्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने ऑनलाइन ठेवल्या आहेत, आणि त्यातलीही सगळी पानं जेनची नाहीत.

इंग्लंडमधल्या चॉटन गावी जेन राहायची त्या घरात आता संग्रहालय आहे; तिथला क्लेमेंटी कंपनीचा 1810 चा पियानोही तिचा नव्हे, त्या काळचा तसाच एक. तिने डिसेंबर 1808 मध्ये बहिणीला कळवलं होतं, की 30 गिनींत मिळेल तेवढा चांगला पियानो घेऊ. म्हणजे 31 पौंड 10 शिलिंग. निव्वळ हौसेसाठी काही थोडे नव्हेत! वाजवायची ती न्याहारीआधी, एकटीच. भाचरं आली की करमणूक व्हावी म्हणून नाचाच्या गतींचा सराव करीन, हेही त्याच पत्रात आहे.