पानं तपकिरी झाली म्हणून मीठ, सोडा, युरिया ओतू नका

उन्हाळा तापायला लागला की परसबागेच्या गटांमधून एक संदेश हमखास फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: फळझाडाची पानं अचानक तपकिरी पडली की ती बुरशीच. भरपूर पाणी द्या, बुंध्यात मूठभर मीठ किंवा एप्सम सॉल्ट टाका, खाण्याचा सोडा फवारा, सुकलेलं सगळं छाटा, वरून मूठभर युरिया द्या. झाड आठवड्यात हिरवंगार. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण यातले बहुतेक उपाय त्रासलेल्या झाडाला आणखी खाली ओढतात, आणि अंगणातला आंबा किंवा लिंबू पुन्हा वाढवायला वर्षं जातात. म्हणून हा एकेक मुद्दा तपासून बघणं मला गरजेचं वाटतं.

“ही बुरशीच आहे.” बहुतेक बुरशींना रुजायला पानावर ओल लागते. आंब्याचा करपा येतो तो दमट हवेत, दवात, अवकाळी पावसानंतर, आणि आधी कोवळ्या पालवीवर. त्याचे डाग वेडेवाकडे, काळपट आणि पानभर विखुरलेले असतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात जुन्या पानांची टोकं आणि कडा भाजल्यासारख्या झाल्या असतील, आणि हिरवा भाग व करपलेला भाग यांच्यात ठळक सीमा दिसत असेल, तर संशय आधी पाण्यावर आणि क्षारांवर घ्यावा. आंब्यात पालाश, म्हणजे पोटॅश, कमी पडलं तरी असंच दिसतं. झाडाची फक्त पश्चिमेकडची बाजू करपली असेल तर ते ऊन आहे. रोपवाटिकेच्या सावलीतून थेट उघड्यावर आलेल्या रोपांचं असं फार होतं. एकच फांदी अचानक वाळली असेल तर खोडावर हात फिरवून बघा. छिद्र आणि त्याखाली लाकडाचा भुसा दिसला तर आत भिरूड, म्हणजे खोडकिडा आहे. पानांवर काहीही फवारलं तरी त्याला धक्का लागत नाही; तारेचा आकडा घालून अळी बाहेर काढावी लागते. आणि कधी कधी काहीच बिघडलेलं नसतं. सीताफळ, अंजीर, आवळा ही झाडं वर्षातून एकदा पानं पिकवून टाकतातच, आणि आंब्याची नवी पालवी मुळातच तांबूस असते.

“लगेच भरपूर पाणी द्या.” सगळ्यात जास्त झाडं याच सल्ल्याने जातात असं मला वाटतं. तहानलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड वरून जवळजवळ सारखंच दिसतं: पानं मलूल, मग कडा तपकिरी. कारण मुळं मेली की जमिनीत पाणी असूनही ते वर चढत नाही. काळ्या भारी जमिनीत लावलेल्या लिंबाच्या आळ्यात रोज दोन बादल्या ओतल्या की मातीतली हवा संपते आणि मूळकूज सुरू होते. ओळखायला फार काही लागत नाही. आळ्याच्या कडेला खुरप्याने वीतभर उकरा. मुठीत दाबलेल्या मातीचा चिकट गोळा होत असेल तर पाणी बंद. मग एक बारीक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. निरोगी मूळ फिकट आणि चिवट असतं. कुजलेल्या मुळाची साल बोटात सुटून येते, आत दोऱ्यासारखा तंतू उरतो आणि मातीला आंबूस वास येतो. खोडावर जमिनीलगत डिंक पाझरत असेल तर तो डिंक्या रोग. अशा वेळी बुंध्याला लागलेली माती बाजूला करा आणि दुहेरी आळं करा, म्हणजे पाणी बाहेरच्या वर्तुळात राहील आणि खोड कोरडं राहील. डिंक पाझरणारी साल खरवडा आणि त्या भागावर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी या प्रमाणात, घरापुरती थोडीच करून.

“बुंध्यात मूठभर मीठ टाका.” हा सल्ला आला कुठून ते कळण्यासारखं आहे. कोकणात नारळाला मीठ घालतात, आणि ते चुकीचं नाही. नारळाला क्लोराइड लागतं आणि खारटपणा तो सोसतो. पण लिंबू, संत्रं, आंबा या झाडांना नेमका तोच क्लोराइड बाधतो. तो पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत जातो, पाणी उडून जातं, मीठ तिथेच साठतं आणि कडा करपते. म्हणजे ज्या लक्षणासाठी मीठ टाकायचं, तेच लक्षण मीठ वाढवतं. शहरात तर हे मीठ आपण नकळत देत असतो. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून कितीतरी घरांत ते कुंड्यांना घालतात; पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्या पाण्यात एकवटलेले असतात. बोअरच्या पाण्याचीही अनेक ठिकाणी तीच कथा. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा पापुद्रा दिसला की समजावं. अशा कुंडीतून गोडं पाणी खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत सावकाश सोडा, आणि ते आरओचं पाणी फरशी पुसायला ठेवा. पालाश द्यायचं असेल तर म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, कारण त्यात जवळपास निम्मा क्लोराइड असतो. त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी असेल तर जुनी पानं शिरांच्या मधे हळूहळू पिवळी पडतात. अचानक तपकिरी होत नाहीत. ती खूण नसेल तर ते टाकणं म्हणजे मातीत आणखी एक क्षार घालणं.

खाण्याच्या सोड्याचा थोडाफार उपयोग आहे तो भुरी या बुरशीवर, आणि भुरी पांढरी असते, तपकिरी नाही. त्यातला सोडियम भर उन्हात पानं भाजतो, आणि मातीत उतरला की तिथेही त्रास देतो.

“सुकलेलं सगळं छाटा.” अर्धं हिरवं पान अजून अन्न तयार करतंय आणि खोडावर सावली धरतंय. मे महिन्यात ते काढलं की आतली साल उन्हाने तडकते. एक अपवाद मात्र खरा आहे: फांदी शेंड्याकडून मागे वाळत येत असेल आणि वाळलेली पानं न गळता तशीच चिकटून राहिली असतील, तर तो फांदीमर. तिथे खरोखर बुरशी असते. वाळलेल्या भागाच्या खाली सात-आठ सेंटिमीटर निरोगी लाकडात काप घ्या, कापावर बोर्डो पेस्ट लावा आणि ती फांदी जाळा.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. मुळं दुखावलेल्या लहान झाडाला त्याची मूठ द्यायची नसते. ताजं शेण आणि कोंबडीखतही तेवढ्यापुरतं लांबच ठेवा. नवी पालवी फुटली की मग खताचं बघू.

एवढं पाहूनही कारण सापडलं नाही तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवा. पार वाळलेलं पान नेऊ नका, त्यावरून फारसं काही कळत नाही. अर्धं हिरवं, अर्धं तपकिरी असं पान कागदात गुंडाळून न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजतं आणि कुजतं. सोबत मुळांसकट ओंजळभर माती आणि बाटलीभर तेच पाणी न्या, जे तुम्ही झाडाला घालता. शेजारी कुणी तणनाशक फवारलं होतं का, शेवटचं खत कधी आणि किती दिलं, हेही आठवून लिहून ठेवा. पहिले प्रश्न तेच विचारले जातात.