सिंगापुरात खाण्याचे हाल होतात? अजिबात नाही

मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी जवळ आली की सिंगापूरला निघालेल्या मराठी मंडळींमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. सिंगापुरात बाहेर खाणं परवडत नाही, म्हणून जेवणासकटचं पॅकेजच घ्या. हॉकर सेंटर म्हणजे तिथल्या रस्त्यावरच्या गाड्या, पोट बिघडवून घ्यायचं नसेल तर लांब राहा. शाकाहारी माणसाला तिथे काहीही मिळत नाही. जे काही नावाजलेलं आहे ते पर्यटकांना लुटायला मांडलेलं आहे. आणि शेवटी एक ठोकळेबाज निष्कर्ष: सिंगापूरने फेरीवाले हटवले म्हणून ते शहर स्वच्छ झालं, आपणही तेच करायला हवं.

मी सिंगापुरात राहते आणि माझं दुपारचं जेवण बहुतेक वेळा हॉकर सेंटरमध्येच, म्हणजे एका छताखाली अनेक छोटे खाद्य-स्टॉल असलेल्या जागेतच होतं. हा मजकूर वाचून लोक बॅगा भरभरून खाकरे आणि ठेपले आणतात, उरलेली जेवणं ठरवून दिलेल्या एकाच पनीरच्या भाजीवर काढतात आणि या शहरातली सगळ्यात चांगली गोष्ट न चाखता परत जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पैशांचं आधी, कारण ते तपासायला सगळ्यात सोपं. सिंगापूर महाग आहे, यात वाद नाही. हॉटेलची खोली महाग, टॅक्सी महाग, दारू तर फारच महाग. रेस्टॉरंटमध्ये बसलात तर मेन्यूवरच्या किमतीवर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी लागतो. २० सिंगापुरी डॉलर लिहिलेला पदार्थ बिलात जवळजवळ २४ डॉलरचा होतो. हॉकर स्टॉलवर सेवाशुल्क नसतं, आणि पाटीवर लिहिलेला आकडा तोच द्यायचा. चिकन राइसची किंवा नूडल्सची एक प्लेट साधारण ४ ते ६ डॉलर, साधा पराठा किंवा डोसा त्याहून बराच कमी, कॉफी दीड डॉलरच्या आसपास. एक डॉलर म्हणजे ढोबळमानाने ७० रुपये धरा. साडेतीनशे रुपयांत पोटभर जेवण होतं. पुण्यातल्या बऱ्या हॉटेलात थाळीला याहून कमी लागत नाहीत.

हे स्वस्त कसं पडतं तेही पाहण्यासारखं आहे. स्टॉल म्हणजे दहा-बारा पावलांत संपणारी जागा. शिजवणारा एक, मदतीला बहुधा घरचंच माणूस. पदार्थ एक किंवा दोन, तेच वर्षानुवर्षं. वेटर नाहीत. टेबलं-खुर्च्या सगळ्या स्टॉलना मिळून सामाईक. आपली प्लेट आपण आणायची, रिकामा ट्रे आपण ठेवून यायचा. बहुतेक सेंटर सरकारी मालकीची आहेत, आणि रस्त्यावरून हलवलेल्या पहिल्या पिढीच्या फेरीवाल्यांना भाडं सवलतीचं ठेवलं गेलं. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात अशा लाखो घरांचं रोजचं जेवण यावर चालतं, त्यामुळे किमती आटोक्यात राहाव्यात यासाठी सरकारही जागरूक असतं.

या स्वस्ताईचा भार मात्र स्टॉलवाला उचलतो, हे विसरू नये. पहाटे उठून रस्सा उकळायला ठेवायचा आणि दिवसभर कढईसमोर उभं राहायचं. हॉकरांचं सरासरी वय आज साठीच्या घरात आहे आणि मुलं या धंद्यात यायला तयार नाहीत. त्यामुळे एखाद्याने प्लेटमागे ५० सेंट वाढवले तर कुरकुर न करता द्यावेत, असं मला वाटतं.

महाग पडू शकेल अशी एकच गोष्ट आहे. खेकडे, मोठी कोळंबी, मासे वजनावर विकतात आणि पाटीवर आकड्याऐवजी 'मार्केट प्राइस' असं लिहिलेलं असतं. न्यूटनसारख्या पर्यटकांच्या आवडत्या सेंटरमध्ये यावरून भांडणं झालेली आहेत. वजन किती, किलोचा दर किती, हे आधी विचारा आणि मगच हो म्हणा. 'पर्यटकांना लुटतात' या आरोपात तथ्य आहे ते एवढंच.

आता स्वच्छता. हॉकर सेंटरला 'रस्त्यावरच्या गाड्या' म्हणणारा माणूस तिथे गेलेला नसावा. ती पक्की बांधलेली, छत असलेली, चारही बाजूंनी वारा खेळणारी इमारत असते. प्रत्येक स्टॉलला नळ, सांडपाण्याची जोडणी आणि वीज असते. स्टॉलला सिंगापूर फूड एजन्सीचा परवाना लागतो आणि अन्न हाताळणाऱ्याला अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. स्टॉलवर ए, बी, सी, डी अशी स्वच्छतेची श्रेणी दिसेल अशा ठिकाणी लावण्याची पद्धत इथे बरीच वर्षं रुजलेली होती. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, त्यामुळे भारतात बाहेर खाताना बर्फाची जी धास्ती असते ती इथे बाळगायचं कारण नाही. सप्टेंबर २०२१ पासून तर हॉकर सेंटरमध्ये ट्रे आणि उष्टं टेबलावर टाकून जाणाऱ्यावर कारवाई होते. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे आवर्जून सांगावं लागतं.

इथे कधीच काही बिघडत नाही, असा माझा दावा नाही. एप्रिल २००९ मध्ये गेलांग सराईच्या तात्पुरत्या बाजारातल्या एका स्टॉलवरचं रोजाक नावाचं मिश्र खाणं खाऊन दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि दोघींचा जीव गेला. सिंगापूरने ती घटना फार गांभीर्याने घेतली. पण ती आजही नावानिशी आठवली जाते, यावरूनच असं किती क्वचित घडतं हे कळतं. माझा स्वतःचा नियम साधा आहे: जिथे रांग आहे आणि पदार्थ डोळ्यांसमोर मोठ्या आचेवर तयार होतोय, तिथे खावं. सकाळपासून मांडून ठेवलेलं दुपारी तीनला घेऊ नये. ठाण्यात असो वा सिंगापुरात, हे सारखंच लागू आहे.

शाकाहाराचा मुद्दा जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण याच भीतीने मराठी माणूस हॉकर सेंटरच्या दारातून परत फिरतो. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसा, इडली, उपमा, वडा, केळीच्या पानावरचा भात हे सगळं मिळतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते असं की बहुतेक मोठ्या सेंटरमध्ये चिनी शाकाहारी स्टॉलही असतो. चिनी बौद्ध परंपरेत शाकाहाराला मोठं स्थान आहे. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, एरवी मांसाहार करणारे पुष्कळ चिनी लोक शाकाहारी जेवतात. त्या दिवशी या स्टॉलसमोर केवढी रांग लागते! त्यातही, परंपरा पाळणाऱ्या स्वयंपाकघरांत कांदा-लसूण वापरत नाहीत. ज्यांच्या घरी चातुर्मास पाळतात त्यांना इथे अनपेक्षित सोय सापडते. बटाटा, गाजर, मश्रूम मात्र असतात, तेव्हा जैन मंडळींनी विचारून घ्यावं. अंडंही काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही.

या स्टॉलवर सकाळी मिळणारं व्हेज बी हून, म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, कोबी, वर तळलेला टोफू आणि बाजूला तिखट चटणी, हा शहरातला सर्वांत स्वस्त आणि चांगला नाश्ता आहे असं माझं मत आहे. प्लेटमध्ये हुबेहूब मांसासारखे तुकडे दिसले तर दचकू नका. ते गव्हाच्या चिकापासून किंवा सोयाबीनपासून केलेले असतात.

खरी फसगत वेगळ्या ठिकाणी होते. साध्या नूडल्सच्या स्टॉलवर जाऊन 'नो मीट' म्हटलं की समोरचा माणूस प्रामाणिकपणे मांसाचे तुकडे वगळतो. रस्सा हाडांचाच राहतो. पालेभाजीवरच्या सांबाल नावाच्या मिरचीच्या चटणीत बेलाचान, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. लक्सा, म्हणजे नारळाच्या दुधाच्या रश्शातल्या नूडल्स, त्याच्या वाटणात सुका जवळा असतो. चार क्वे त्याव नावाच्या तांदळाच्या रुंद नूडल्स पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत परततात. 'कॅरट केक' नावाचा पदार्थ मुळा आणि तांदळाच्या पिठाचा असतो, गोड नसतो आणि त्यात अंडं असतं. म्हणून शाकाहारी माणसाने मांसाहारी स्टॉलवर वजाबाकी करत बसू नये, थेट शाकाहारी पाटीच्या स्टॉलवर जावं. पराठ्याच्या स्टॉलवर सोबत मिळणारी 'करी' बहुधा माशाची किंवा मटणाची असते. 'डाल' असं स्पष्ट सांगा, आणि पराठ्यात अंडं नको असेल तर 'कोसोंग', म्हणजे 'रिकामा', म्हणा.

गोडाला अशी काही अडचण नाही. चेंडोल मागवा: नारळाचं दूध, बर्फ, पांदान नावाच्या सुवासिक पानाच्या हिरव्या शेवया आणि वरून गुला मेलाका, म्हणजे माडाचा गूळ. कोकणातल्या माणसाला पहिल्याच चमच्यात घरची चव लागेल. सोयाच्या दुधाचा मऊसूत ताउ हुए आजी-आजोबांना हमखास आवडतो.

मांसाहारी असून डुक्कर किंवा गोमांस टाळणाऱ्यांसाठी मलय आणि भारतीय मुस्लिम स्टॉल आहेत. हलाल प्रमाणपत्र असलेल्या स्टॉलवर डुक्कर नसतंच. गोमांस असू शकतं, पण पदार्थाच्या नावात 'बीफ' असतं किंवा विचारलं की लगेच सांगतात. हलाल ट्रे परत ठेवायची मांडणीही वेगळी असते, तेवढी पाहून ठेवा.

'पर्यटकांसाठी मांडलेलं' हा आरोप दुपारी बारा-साडेबाराला अमॉय स्ट्रीटच्या सेंटरमध्ये उभं राहिलं की गळून पडतो. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले बँकांतले कर्मचारी, बांधकामावरचे मजूर, निवृत्त आजोबा एकाच टेबलावर बसलेले दिसतात. एखाद्या टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट ठेवलेलं असेल तर ती जागा धरलेली आहे असं समजायचं. २०१६ मध्ये खाण्याच्या जागांना तारे देणाऱ्या मिशेलिनच्या सिंगापूरसाठीच्या पहिल्या यादीत दोन हॉकर स्टॉलना तारा मिळाला. त्यातला एक चायनाटाउन कॉम्प्लेक्समधला चॅन हॉन मेंग यांचा सोया सॉस चिकनचा स्टॉल होता, आणि तिथली प्लेट तेव्हा जेमतेम २ डॉलरला होती. १६ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. वेगवेगळ्या वंशांचे, धर्मांचे आणि कमाईचे लोक जिथे रोज शेजारी बसून जेवतात अशा जागांचा तो मान होता.

आणि आता तो शेवटचा निष्कर्ष, जो मला सगळ्यात जास्त खटकतो. 'सिंगापूरने फेरीवाले हटवले' हे वाक्य इतिहासाला अर्ध्यावर तोडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर बेकारी होती, रस्ते फेरीवाल्यांनी भरले होते, उष्टं आणि सांडपाणी गटारांतून नदीत जात होतं, कॉलरा आणि टायफॉइडची भीती खरी होती. त्यावर काय केलं? १९६८-६९ मध्ये बेटभर नोंदणी झाली आणि सुमारे १८,००० फेरीवाल्यांना परवाने मिळाले. १९७१ पासून सरकारने सेंटर बांधायला घेतली, लोकांच्या वस्त्यांजवळ आणि बाजारांना लागून, म्हणजे जिथे गिऱ्हाईक आहे तिथेच. १९८६ पर्यंत रस्त्यावरचे परवानाधारक फेरीवाले छपराखाली आले होते. आज अशी ११० हून अधिक सेंटर आहेत. मधली अनेक वर्षं बांधकाम थांबलं होतं, मग २०११ मध्ये नवी सेंटर बांधण्याचं जाहीर झालं. विनापरवाना विकणाऱ्यांवर कठोर कारवाई झाली हे खरं आहे, आणि सगळ्यांना ती हलवाहलव मानवली असंही नाही. पण आधी मोजणी, मग परवाना, मग जागा, नळ आणि गटार, आणि त्यानंतर रस्ता मोकळा, हा क्रम होता. ज्यांना हलवलं त्यांची कढई विझू दिली नाही.

भारतात असाच क्रम कायद्यात लिहिलेला आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार आधी सर्वेक्षण करायचं, विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं, नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने विक्रीच्या जागा ठरवायच्या. आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद त्यात आहे. मुंबईत त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षं रखडली. सिंगापूरचं उदाहरण द्यायचंच असेल तर ते या रखडलेल्या कामासाठी द्यावं. वडापावची गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकच्या समर्थनार्थ ते देणं हा त्या इतिहासावर अन्याय आहे.

ज्यांचं तिकीट निघालेलं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. एकाच कुटुंबात शाकाहारी आणि मांसाहारी दोघंही असतील तर टेक्का किंवा चायनाटाउन कॉम्प्लेक्स निवडा. चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये दोनशेहून अधिक खाद्य-स्टॉल आहेत, घाई करू नका. संध्याकाळी साते, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, खायचं असेल तर लाउ पा साट या सेंटरला जा, तिथे अंधार पडला की शेजारचा रस्ता वाहनांना बंद करून टेबलं मांडतात. गाजलेले स्टॉल दुपारी दोनपर्यंत माल संपवून बंद होतात आणि सोमवारी बरेच जण सुट्टी घेतात. सफाईसाठी अख्खं सेंटर अधूनमधून बंद असतं, त्या तारखा आधी जाहीर होतात, त्या पाहूनच निघा. थोडी सुटी रोकड जवळ ठेवा. कॉफी सांगताना 'कोपी' म्हटलं तर आटवलेलं गोड दूध घालून येते, 'कोपी ओ' म्हटलं तर बिनदुधाची पण साखरेची, आणि साखर नकोच असेल तर शेवटी 'कोसोंग' जोडा.