बॉस्टन, व्हाया…

मुलीकडे बॉस्टनला जाणार असे जाहीर केल्यावर पुण्यात पहिला प्रश्न ‘व्हाया कुठून?’ असा येतो. विचारणाऱ्याकडे उत्तर आधीच तयार असते आणि आपण चुकीचे शहर कधी उच्चारतो याची तो वाट पाहत असतो. मुंबईहून बॉस्टनला थेट विमान नाही, त्यामुळे वाटेत एकदा उतरावेच लागते, आणि ते कुठे उतरावे या विषयावर आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जेवढे तीव्र मतभेद आहेत तेवढे पाण्याच्या टँकरच्या वर्गणीवरूनही झालेले मला आठवत नाहीत.

तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर कट्टर दुबईवादी आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दोह्याचे नाव घेतात आणि तिथल्या विमानतळावर बसवलेल्या अवाढव्य पिवळ्या अस्वलाचा फोटो पुढे करतात. त्या अस्वलामुळे आमचा प्रवास नेमका कसा सुखाचा होणार, हे मात्र त्या सांगत नाहीत. माझे मेहुणे इस्तंबूलचे भक्त. तिथले नवे विमानतळ 2018 मध्ये सुरू झाले आणि 2019 मध्ये सगळी प्रवासी वाहतूक तिकडे हलली, हे ते अशा थाटात सांगतात की जणू सामान ह्यांनीच हलवले. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायलाही स्कूटर काढणारा हा गृहस्थ त्या विमानतळावर किती छान चालणे होते, याचे रसभरित वर्णन करतो.

वास्तविक पूर्वी हा प्रश्नच नव्हता. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. त्या काळच्या विमानांना एका दमात एवढे अंतर कापणे झेपतच नसे, त्यामुळे ‘कैरो की दोहा’ असा वाद घालण्याची सोय प्रवाशाला नव्हती. आता विमाने पंधरा-सोळा तास सहज उडतात. तरीही आपण उतरतो, कारण मुंबई, कोची, ढाका आणि नैरोबीचे प्रवासी एका ठिकाणी गोळा करून त्यांना बॉस्टन, शिकागो आणि टोरांटोच्या विमानांत वाटून दिले की सगळी विमाने भरतात, हा कंपन्यांचा हिशेब आहे. त्यात चूक काही नाही. फक्त त्या वाटपात आपले गुडघेही मोडतात, याची नोंद कुठल्याच खात्यावर होत नाही.

गुडघ्यांचा मुद्दा मी मुद्दाम काढतो, कारण सल्लागारांपैकी एकानेही तो काढला नाही. आखातातून जायचे तर प्रवासाची फोड फार विषम पडते. दुबई किंवा अबू धाबी मुंबईपासून तीन तासांवर. म्हणजे जेवणाचा ट्रे उचलला जातो न जातो तोच उतरायचे, आणि मग पुढे चौदा तासांची बैठक मारायची. लंडनमार्गे गेले तर आधी नऊ-दहा तास आणि नंतर सात-आठ तास अशी बरीचशी समान वाटणी होते आणि पाय मोकळे करायची संधी साधारण निम्म्या वाटेवर मिळते. शिवाय आखातात उतरण्याची वेळ बहुधा अपरात्रीची असते. जगाची दोन तृतीयांश लोकसंख्या आठ तासांच्या उड्डाणाच्या टप्प्यात आहे असे दुबईकर अभिमानाने सांगतात. त्यातले पुष्कळसे लोक पहाटे तीन वाजता तिथेच असतात. पूर्वेकडची विमाने एकापाठोपाठ उतरतात, पश्चिमेकडची थोड्या वेळाने सुटतात, आणि मधल्या दोन-तीन तासांत त्या चकचकीत दालनांना धनत्रयोदशीच्या संध्याकाळच्या लक्ष्मी रस्त्याची कळा येते. तेव्हा माझा कौल लंडनला होता. परंतु लंडनला नुसते विमान बदलायचे तरी भारतीय पासपोर्टला एरवी ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यास त्यातून सूट मिळते, हे कळल्यावर पत्नी म्हणाली, “सूट मिळते हे तिथल्या माणसाला माहीत असेल ना? की आपण त्याला समजावून सांगायचे?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुलगी बॉस्टनहून व्हिडिओ कॉलवर तिकिटांचा पडदा दाखवत होती. थांबा किती तासांचा असावा, यावर पहिला अर्धा तास गेला. व्हिएन्नाच्या विमानतळावर पंचवीस मिनिटांत विमान बदलता येते असे अधिकृतपणे मानले जाते, अशी माहिती तिने पुरवली. पंचवीस मिनिटांत आमच्या पुढच्या रांगेतल्या माणसाची वरच्या कप्प्यातली बॅगसुद्धा निघत नाही, हे माझे मत. नऊ तासांचा थांबा तिकीट स्वस्त करतो. पण त्या नऊ तासांत विमानतळावर चहा, सँडविच आणि पाणी यांवर जो खर्च होतो तो मनातल्या मनात रुपयांत मोजण्याची आम्हा लोकांना खोड आहे, आणि त्या मोजणीने झोप उडते ती वेगळीच. अखेर तीन ते चार तास ही मर्यादा एकमताने ठरली. त्याच वेळी पडद्यावर सगळ्यांत स्वस्त असे एक तिकीट चमकले आणि मेहुणे आनंदाने ओरडले. मुलीने शांतपणे खुलासा केला की ते एक तिकीट नसून एकमेकांशी संबंध नसलेली दोन तिकिटे आहेत. पहिले विमान लेट झाले आणि दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीला त्याचे सोयरसुतक नसते. सामानही वाटेत आपणच ताब्यात घेऊन पुन्हा द्यायचे, आणि त्यासाठी त्या देशात शिरण्याचा व्हिसा लागला तर तोही आपणच पैदा करायचा. एकाच पीएनआरवर संपूर्ण प्रवास असेल तर विमान चुकल्यावर पुढची सोय करणे कंपनीचे काम होते. वाचलेले पैसे नंतर मनस्तापात फेडावे लागतात असले व्यवहार आमच्या घराण्यात पूर्वी दोन-तीन झालेले असल्यामुळे मी ते तिकीट तत्काळ बाद केले.

मग व्हीलचेअर. मुलीने ‘विशेष साहाय्य’ या रकान्यावर बाण नेला आणि आई-बाबांसाठी दोन खुर्च्या सांगू का, असे विचारले. मोठ्या विमानतळावर गेट शोधण्याचा आणि इंग्रजी बोलण्याचा प्रश्न खुर्चीवर बसल्याने सुटतो, हे पुण्यात सर्वश्रुत आहे. मुंबईला खुर्चीतून विमानात गेलेली कितीतरी मंडळी अमेरिकेत नातवंडे दिसताच ताडताड चालू लागल्याचे मी ऐकून आहे. पत्नी रोज पहाटे वेताळ टेकडी चढते. “अगं, खुर्चीत बसले आणि टेकडीवरच्या ग्रुपमधले कोणी तिथे भेटले तर?” असे तिने विचारले आणि रकाना रिकामा राहिला. मला तो निर्णय वेगळ्या कारणासाठी पटला. ज्यांना खरोखर चालवत नाही त्यांनी ताटकळत बसावे आणि आपण गेट शोधायचा कंटाळा म्हणून ढकलत जावे, हे काही बरे नव्हे.

जेवणाच्या रकान्यात वेगळाच सापळा आहे. यादीत ‘हिंदू मील’ असा एक पर्याय असतो आणि ‘एशियन व्हेजिटेरियन’ असा दुसरा. हिंदू मीलमध्ये गोमांस नसते. कोंबडी किंवा बोकड मात्र खुशाल असू शकतो. चातुर्मास पाळणाऱ्या कुणी भाविकाने धर्माभिमानाने पहिल्यावर बोट ठेवले, तर तीस हजार फुटांवर त्याच्यापुढे काय येईल, याची कल्पना करवत नाही.

निर्णय मात्र यांपैकी कशानेच झाला नाही. अबू धाबीच्या विमानतळावर 2014 पासून अमेरिकेचे इमिग्रेशन अधिकारी बसतात. तपासणी तिथेच उरकते आणि बॉस्टनला आपण देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडतो. मुलगी याला सोय म्हणत होती. पत्नीने यातला खरा मुद्दा हेरला. “म्हणजे तो अधिकारी नाही म्हणाला, तर चौदा तास बसून जाण्याआधीच म्हणेल ना? मग ठीक आहे. तिथून घरी यायला तीनच तास.” बँक मॅनेजर, अस्वल आणि माझे गुडघे हे सगळे या एका वाक्यापुढे निष्प्रभ ठरले.

तीनच तास, असे ती म्हणाली खरी, ते मुंबईपर्यंत. पुढे सहार ते कोथरूड हा टप्पा आहेच, आणि तो कुठल्याही कंपनीच्या तिकिटावर छापलेला नसतो. पहाटे चारच्या विमानासाठी आदल्या संध्याकाळी सातला टॅक्सी बोलवायची, घाटात कंटेनर आडवा झाला असेल असे गृहीत धरायचे, फूड मॉलवर वडापाव खायचा, आणि एवढे करून कंटेनर आडवा झालाच नाही तर रात्री अकरापासून विमानतळावर खुर्च्या धरून बसायचे. लोहगावचे विमानतळ हवाई दलाचे. तिथून परदेशी विमाने मोजकीच सुटतात. 2008 मध्ये तिथून थेट फ्रँकफर्टचे विमान सुरू झाले होते, पण त्यात सगळ्या खुर्च्या बिझनेस क्लासच्या होत्या, त्यामुळे आम्ही ते कायम टेकडीवरूनच पाहिले. “पुरंदरचे विमानतळ होऊ दे, मग जा,” असे मॅनेजरांनी सुचवले. ते विमानतळ होईपर्यंत नात कॉलेजात गेलेली असेल, असे मी त्यांना नम्रपणे सांगितले.

राहिले परतीचे तिकीट. जाताना अधिकाऱ्याची भीती असते, येताना आपला देश आपल्याला नाही म्हणत नाही, तेव्हा येताना झुरिकमार्गे यायचे, असे पत्नीने जाहीर केले. निदान खिडकीतून आल्प्स तरी दिसतील. पूर्वेकडे येताना वारा पाठीशी असल्याने बॉस्टन-झुरिक अंतर जाण्यापेक्षा लवकर कापले जाते, या माहितीने मुलीनेही तिला दुजोरा दिला. माझ्या गुडघ्यांची तर काहीच तक्रार नव्हती. त्यावर मेहुण्यांनी घसा खाकरून “अहो, पण इस्तंबूल…” एवढेच उच्चारले, तोच पडद्यावरून आवाज आला, “मामा, मी कार्डाचा नंबर टाकतेय. आता ओटीपी येईपर्यंत कोणीही कुठल्याही शहराचे नाव घ्यायचे नाही.”