‘हेवी रेन’ चुकीचे नाही : खुलासा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे : ‘हेवी म्हणजे जड, पाऊस जड नसतो, म्हणून हेवी रेन न लिहिता स्ट्राँग रेन लिहावे.’ हे साफ चूक आहे. इंग्रजीत ‘रेन’ या नामाशी ‘हेवी’ आणि ‘विंड’शी ‘स्ट्राँग’ हे विशेषण रूढ आहे, आणि अशी जोडी शब्दशः अर्थावरून नव्हे, तर वहिवाटीने ठरते. आपणही मुसळधार पाऊस म्हणतो, मुसळधार वारा म्हणत नाही. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी इशाऱ्यांत तर ‘हेवी रेन’ ही मोजून ठरवलेली संज्ञा आहे : २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘व्हेरी हेवी’ आणि त्याहून अधिक झाल्यास ‘एक्स्ट्रीमली हेवी’. ज्या किनाऱ्यावर हवामानाचे इशारे पाहून होड्या बाहेर काढल्या जातात, तेथील मुलांना हेच शब्द अशुद्ध वाटावेत, ही बाब मला गंभीर वाटते. रिमझिम पावसाला ‘लाइट रेन’, तर वाऱ्याने तिरक्या झोडपणाऱ्या सरींना ‘ड्रायव्हिंग रेन’ म्हणतात. माझ्याकडे शिकणाऱ्या मालवणच्या एका मुलीने निबंधातील ‘हेवी’ खोडून वर ‘स्ट्राँग’ लिहिले होते. तिचा खोडलेला शब्दच बरोबर होता.